फळमाशीतील सेंट्रिओल व पक्ष्माभिका प्रथिने : पेशीप्रकारानुसार फरक

पक्ष्माभिका म्हणजे पेशीतून निघणारा केसासारखा धागा; तो सेंट्रिओल या सूक्ष्मनलिकांच्या छोट्या नळकांड्यावर उभा राहतो. फळमाशीच्या (ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर) बहुतेक पेशींना पक्ष्माभिका नसते. ती संवेदी चेतापेशींत आणि नराच्या जननपेशींत तेवढी उगवते. सास-६, आना-२, सास-४ ही सेंट्रिओल घडवणारी मूळ प्रथिने सगळीकडे तीच असतात. घडण मात्र पेशीनुसार बदलते. भ्रूणातला सेंट्रिओल जेमतेम ०.२ मायक्रोमीटरचा, बहुधा दुहेरी सूक्ष्मनलिकांचा. शुक्रपेशीजनकातला (ज्या पेशीपासून शुक्राणू बनतात तिच्यातला) तिहेरी नलिकांचा आणि कित्येक पट लांब.

पक्ष्माभिकेतही तेच. रोमसंवेदकातील (संवेदी केसाच्या चेतापेशीतील) पक्ष्माभिका ९+० रचनेची (कडेने नलिकांच्या नऊ जोड्या, मध्ये एकही नाही), अचल. ताण जाणणाऱ्या कॉर्डोटोनल चेतापेशीतही ९+०, पण डायनीन या हालचाल घडवणाऱ्या प्रथिनाच्या बाहूंसह. हे बाहू घडवणारी जनुके एफडी३एफ हा नियामक चालू करतो. शुक्राणूची शेपटी ९+२ (मध्ये आणखी दोन नलिका) आणि सुमारे १.८ मिलिमीटर लांब. तिचा अक्षदंड (नलिकांचा आतला गाभा) पेशीद्रवातच वाढतो, त्यामुळे पक्ष्माभिकेतल्या मालवाहतुकीची तिला गरज नसते. म्हणूनच या वाहतुकीचे प्रथिन नॉम्पबी (आयएफटी८८) बाद झाले तर संवेदी पक्ष्माभिका बनत नाहीत, शुक्राणू मात्र बनतात. बीएलडी१० हे सेंट्रिओलचे प्रथिन बाद केल्यास उलटे घडते : माशी नीट चालते, पण शुक्रपेशीजनकांतले सेंट्रिओल आखूड राहतात, शेपटीतली मधली जोडी बिघडते आणि नर वंध्य होतो.

त्यामुळे ‘हे प्रथिन आवश्यक आहे का?’ हा प्रश्न कोणत्या पेशीत, हे सांगितल्याशिवाय अर्धवटच. शिवाय कोणत्या टप्प्यावर, हेही सांगावे लागते. सास-४ नसलेली माशी प्रौढ होते, कारण सुरुवातीला आईकडून आलेला साठा पुरतो आणि पुढचे पेशीविभाजन सेंट्रिओलविनाही निभावते. पक्ष्माभिका नसल्याने तिच्या हालचालींचा मेळ बसत नाही व ती लवकर मरते. आईकडचा साठाही काढून टाकला, तर भ्रूणाची वाढ सुरुवातीलाच थांबते.

तुलना करताना सर्वाधिक फसवते ते जीएफपी (हिरवे चकाकणारे प्रथिन) टॅग म्हणून जोडलेले प्रथिन. ते सर्वत्र चालणाऱ्या प्रवर्तकाखाली (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या भागाखाली) ठेवले, तर पेशींमधला प्रमाणाचा खरा फरक झाकला जातो; सेंट्रिओल बनण्याची सुरुवात करणारे सॅक (पीएलके४) अतिरिक्त झाल्यास जादा सेंट्रिओलही तयार होतात. टॅग मूळ जनुकाच्या जागीच बसवावा. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी वृषण काचेखाली दाबून, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून, आच्छादक काच उडवून −२० अंशांच्या मिथेनॉलमध्ये स्थिर करतात. स्पर्शिकांच्या कठीण आवरणातून प्रतिपिंडे (ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवणारी) नीट शिरत नाहीत, म्हणून तिथे टॅगच बरा. पक्व शुक्राणूत चकाकी दिसली नाही, तरी सेंट्रिओल नाही असे मानू नये. शेवटच्या टप्प्यात त्याची अनेक प्रथिने काढून टाकली जातात. खात्री इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानेच होते.