श्रीमंती दाखवायची कुणाला?

मुंबईत जागेचीच टंचाई. त्यामुळे ऐसपैस घर बांधून ऐपत दाखवणं मूठभरांनाच परवडायचं. बाकीच्यांनी थाट कुठे मांडायचा, हे बघणारा कोण यावर ठरत गेलं.

एकोणिसाव्या शतकातल्या शेठियांना मान हवा होता तो इंग्रज सरकारदरबारी. चीनशी अफू-कापसाचा व्यापार करून गबर झालेले जमशेटजी जीजीभॉय १८४२ मध्ये ‘सर’ झाले, १८५७ मध्ये बॅरोनेट, म्हणजे वंशपरंपरेने चालणारा ‘सर’ किताब. दोन्ही मान मिळवणारे पहिले हिंदी गृहस्थ. माहीमच्या कॉजवेला कंपनी सरकार पैसे देईना, तेव्हा त्यांच्या पत्नी अवाबाईंनी १,५७,००० रुपये मोजले आणि १८४५ मध्ये रस्ता खुला झाला. दानत होतीच, पण दगडावर नावही कोरलं जात होतं. अमेरिकेतल्या यादवीने कापसाला सोन्याचा भाव आला, त्यात प्रेमचंद रायचंद यांनी अमाप कमावलं आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख दिले. १८६५ मध्ये शेअरबाजार कोसळला, प्रेमचंद बुडाले. त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर मात्र १८७८ मध्ये पुरा झाला.

गिरणगावात वेगळाच मामला. एका खोलीत दहा-बारा गडी पाळ्यांनी झोपायचे, तिथे कुणाला काय दाखवणार? गिरणीकामगाराचा रुबाब उमटायचा तो गावी, शिमग्याला नाहीतर गणपतीला. नवी ट्रंक, इस्त्रीचा शर्ट, मनगटावर घड्याळ, पुढे खांद्याला ट्रान्झिस्टर. चाकरमानी एसटीतून उतरला की वाडीतली पोरं ट्रंकेभोवती जमायची. त्यातलं निम्मं पठाणाच्या व्याजावर घेतलेलं असलं तरी ते गावाला कळायचं नाही. बायकोच्या हातातल्या पाटल्यांचं मात्र दुहेरी काम: लग्नात मिरवायच्या, अडीनडीला गहाण टाकायच्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि लांबत गेला, तशा कितीतरी घरांतल्या पाटल्या सराफाकडे गेल्या.

पांढरपेशांची मिजास आणखी निराळी. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने पुढे दादर-माटुंगा वसवलं. तिथे ब्लॉकमध्ये राहणं, म्हणजे संडास घराच्या आत असणं, हीच मोठी प्रतिष्ठा. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि ज्याच्याकडे टीव्ही, त्याचं घर शनिवार-रविवारी चाळीचं थिएटर झालं. याच वर्गाने दुसऱ्यांच्या झगमगाटाला ‘भपका’ म्हणून नाकं मुरडली. माझ्या मते तोही एक तोराच. साधेपणा मिरवायलाही पोटापुरतं निश्चित असावं लागतं.

१९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर वस्तूंची टंचाई सरली. टीव्ही, फोन, गाडी यांचं अप्रूप ओसरलं आणि गोष्ट पुन्हा जागेवर आली. पुनर्विकासात जुन्या रहिवाशांची इमारत आणि विक्रीचा टॉवर पुष्कळदा एकाच भूखंडावर उभे राहतात. गेट दोन असतात. पोडियम, पोहण्याचा तलाव आणि सलाम ठोकणारा वॉचमन टॉवरच्या बाजूला.