पोपट झाला म्हणजे नक्की काय झालं?

नोव्हेंबर १९९२. ग्रंज या रॉक संगीताच्या प्रकाराची लाट जोरात होती आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'ला या संगीताचं माहेर असलेल्या अमेरिकेतल्या सिएटल शहरातल्या पोरांची खास बोली हवी होती. सब पॉप या तिथल्या रेकॉर्ड कंपनीत आधी काम केलेल्या मेगन जॅस्परला फोन गेला. अशी वेगळी बोली नव्हतीच. मेगनबाईंनी मग फोनवरच शब्द पाडले. 'लेमस्टेन' म्हणजे बावळट माणूस, 'स्विंगिंग ऑन द फ्लिपिटी-फ्लॉप' म्हणजे टवाळक्या करत बसणं. यादी छापून आली!

गंमत अशी की माणूस चुकीचा निवडला नव्हता. बाई सिएटलमध्येच राहणाऱ्या, त्याच वर्तुळातल्या. पण 'या शब्दाचा अर्थ काय?' असं विचारलं की उत्तर मिळतं, पुरावा मिळत नाही.

२००२ साली सुरू झालेल्या विक्शनरी या इंटरनेटवरच्या शब्दकोशात कोणीही शब्द घालू शकतो, म्हणजे थापा घालायलाही दार उघडंच. म्हणून इंग्रजी विक्शनरीत एखाद्या अर्थावर शंका आली की दाखले शोधावे लागतात. साधारण नियम असा: टिकून राहणाऱ्या माध्यमातली निदान तीन वाक्यं, एकमेकांवरून न उचललेली, आणि पहिल्या-शेवटच्यात कमीत कमी वर्षाचं अंतर. अंतर अशासाठी, की कट्ट्यावरचे कित्येक शब्द एका पावसाळ्यात उगवतात आणि दिवाळीआधी सुकतात. दाखले मिळाले नाहीत तर तो अर्थ काढून टाकतात.

वाक्यात शब्द नुसता असूनही भागत नाही. 'कॉलेजात फजितीला पोपट म्हणतात' हा शब्दाचा उल्लेख झाला. कोशाला तो चालत नाही. 'एवढ्या ऐटीत गेला आणि पोपट झाला त्याचा' हा वापर. बोलणाऱ्याचं लक्ष शब्दाकडे नाही, झालेल्या प्रकाराकडे आहे. म्हणून त्याची साक्ष खरी.

आता अर्थ. पोपट होणे म्हणजे फजिती होणे, असं कोणीही पटकन सांगेल, आणि ते प्रामाणिकपणेच. पण व्याख्या शब्दाच्या जागी बसवून बघा. 'पंगतीत माझ्या हातून आमटी सांडली, माझी फजिती झाली' हे ठीक. 'आमटी सांडली, माझा पोपट झाला' म्हटलं की कान अडखळतो. तेच 'सगळ्यांना पार्टी कबूल केली आणि पाकीटच घरी राहिलं' इथे पोपट झकास बसतो. म्हणजे आधी हवा केलेली असावी लागते, मग ती निघावी लागते. शिवाय पोपट करताही येतो. मित्र खोटं आमंत्रण देऊन तुमचा पोपट करतात. आणि पोपटाला बहुधा बघे लागतात.

ही व्याख्या जमली असं वाटून मी ती भाच्याला ऐकवली: 'बढाई मारून तोंडावर पडणे'. तो म्हणाला, "मामा, मॅच पावसाने रद्द झाली तेव्हा आमचा सगळ्यांचा पोपट झाला होता. आम्ही कुठे बढाई मारली? नुसती तिकिटं काढून बसलो होतो."

'बढाई' खोडलं. तिथे 'अपेक्षा' लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह.