टॅबचा कीबोर्ड: पोगोवाला की ब्लूटूथवाला, दिसायला सेम पण बंद पडायची तऱ्हा वेगळी

फोटोत बघितलं तर दोन्ही अगदी जुळे भाऊ. काळं नाहीतर करडं घडीचं कव्हर, आत बटणं, खाली छोटा टचपॅड आणि टॅब ऐटीत उभा करून ठेवलेला. एक दोन-अडीच हजाराला दिसतोय, दुसरा दहा-बारा हजाराच्या पुढं, आणि माणूस म्हणतोय ब्रँडचे पैसे घेत्यात, दुसरं काय. तसं नाहीय ओ. पहिला बहुतेक वेळा ब्लूटूथवर चालणारा असतो, त्यात स्वतःची बॅटरी असते आणि कव्हरचं काम फक्त टॅब धरून ठेवायचं. दुसरा टॅबच्या अंगावरच्या धातूच्या टिपक्यांना चिकटतो, करंटही तिथूनच घेतो आणि टाइप केलेलं अक्षरही तिथूनच पाठवतो. त्या टिपक्यांना पोगो पिन म्हणत्यात. कीबोर्ड किती वर्षं टिकणार हे बटणांपेक्षा जास्त इथं ठरतंय, आणि दुकानात नेमकं हेच कोणी सांगत नाही, कोल्हापुरात राजारामपुरीत विचारा नाहीतर शाहूपुरीत, "दोन्ही चालतंय की" एवढंच उत्तर मिळतंय.

ओळखायला सोपं आहे. टॅबचं असलेलं कव्हर काढा, पाठ आणि लांब कड उजेडात धरून बघा. ओळीनं तीन-चार बारीक चकचकीत टिपके दिसले तर तुमचा टॅब पोगोचा. आयपॅडवर याला स्मार्ट कनेक्टर म्हणत्यात, २०१५ च्या आयपॅड प्रोपासून ते आलंय, तीन टिपके असतात, एक करंटचा, एक डेटाचा, एक ग्राउंडचा. टिपके नसतील तर विषय संपला, तुम्हाला ब्लूटूथच घ्यायचाय (किंवा चार्जिंगच्या भोकात ओटीजीची पिन घालून वायरचा लावायचाय, तो इथं धरत नाही). कीबोर्डच्या बाजूनं ओळखायचं तर ऑन-ऑफची कळ आणि चार्जिंगचं भोक असलं की तो ब्लूटूथवाला समजायचा. यात एक फसवणारी गोष्ट आहे, ॲपलच्या मॅजिक कीबोर्डला बिजागरीत टाइप-सीचं भोक असतंय, पण ते कीबोर्डच्या बॅटरीसाठी नव्हे, तिथं वायर लावली की टॅब चार्ज होतो, कीबोर्ड आपला पिनांवरच चालतोय.

आणि टॅबच्या नावावर अजिबात जाऊ नका. सॅमसंगच्या टॅब एस६ ला कीबोर्डच्या पिना आहेत, टॅब एस६ लाइटला नाहीत. आयपॅड मिनीला कधीच नव्हत्या. ऑनलाइन कव्हरवर दहा मॉडेलची नावं एका दमात लिहिलेली असतात, त्याचा अर्थ मापाला बसतंय एवढाच, जोडलं कसं जातंय ते खाली बारीक अक्षरात शोधावं लागतंय.

आता पोगोवाल्याचं बघू. याची खरी ताकद म्हणजे आत बॅटरीच नाही. जी गोष्ट आत नाही ती फुगत नाही, उतरत नाही, चार वर्षांनी मरत नाही. टॅबला लावला की पहिल्या अक्षरापासून चालू, पेअरिंग नाही, काय नाही. टॅबची बॅटरी थोडी खातो पण ती जाणवण्याइतकी नसते. मग हा खराब होतो कशानं, तर तीन जागा आहेत, पिना, घडी आणि टॅबचं मॉडेल.

पिनांची गंमत आपल्या कोल्हापुरात जास्त कळते. उद्यमनगरात ओळखीचं एक वर्कशॉप आहे, तिथं जॉबच्या एंट्र्या टॅबवर करत्यात आणि टेबल लेथपासून चार पावलांवर. कीबोर्ड टॅबला धरून राहावा म्हणून पिनांच्या दोन्ही अंगाला लोहचुंबक बसवलेलं असतं, आणि लोखंडाचा बारीक कीस हवेत नाहीतर कामगारांच्या बोटांवरनं तिथपर्यंत पोचतोच. कव्हर काढून बघितलं तर त्या कडेला कीस असा उभा राहिलेला, जणू मिशा फुटल्यात. तो एका पिनेवरनं दुसऱ्या पिनेवर टेकला की आयपॅड ॲक्सेसरी सपोर्टेड नाही असा मेसेज दाखवतो, नाहीतर कीबोर्ड लागतो-सुटतो, लागतो-सुटतो, आणि लोक म्हणत्यात कीबोर्ड गेला. गेलेला नसतो. फुंकर मारून हा कीस जात नाही, फडक्यानं पुसला तर इकडचा तिकडं सरकतो, कारण चुंबक सोडतच नाही. साधी चिकटपट्टी घ्यायची, दाबायची आणि उचलायची, दोन-तीनदा केलं की साफ. त्यावर मोबाइल रिपेअरवाले वापरतात ते आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) कानकाडीला लावून पिना पुसायच्या, वाळू द्यायचं, मग लावायचं. पॉलिश पेपर मात्र घासू नका, कितीही मोह झाला तरी. पिनांवर मुलामा अगदी पातळ असतोय, तो निघाला की खालचा धातू उघडा पडतो आणि मग काळेपणा दर महिन्याला परत येतो. शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फाउंड्रीत काम करणाऱ्यांनी तर ही चिकटपट्टी बॅगेतच ठेवावी.

पावसाळ्याचं वेगळंच. जून ते सप्टेंबर गगनबावडा, राधानगरी साइडला कपडे वाळत नाहीत तिथं पिना काय कोरड्या राहणार. त्यात हाताचा घाम, घामात मीठ, त्यानं कॉन्टॅक्ट लवकर काळे पडतात. टॅब आणि कीबोर्ड ओले असताना एकमेकाला लावून बॅगेत कोंबायचे नाहीत, वेगळे करून पुसून मगच. टॅब वॉटरप्रूफ आहे म्हणून कीबोर्डही असेल असं धरून चालणारे लय भेटतात. सॅमसंगच्या टॅब एस९ ला आयपी६८ आहे, म्हणजे पाणी-धूळ रोखण्याचं रेटिंग, पण ते टॅबला आहे, त्याच्या कीबोर्ड कव्हरला नाही.

दुसरी जागा घडी. कव्हरच्या पाठीवर पिना आणि पुढं बटणं, मग मधल्या घडीतनं पातळ पट्टीची वायर गेलेली असते आणि ती दिवसातनं कितीतरी वेळा वाकते. उलटं मोडून पाठीमागं दुमडायची सवय असली तर तिथंच आधी तुटणार. आणि तुटली की रिपेअर जवळपास नाहीच, कारण हे सगळं चिकटवून बंद केलेलं असतं, स्क्रू कुठंच नाही. रिपेअरवाला पोरगा सरळ सांगतो, "उघडला की फाटतोय साहेब, घेऊन जावा." म्हणजे पोगोवाल्यात बिघडण्यासारखं कमी आहे, पण बिघडलं की संपलं.

तिसरी जागा सगळ्यात महागाची. हा कीबोर्ड त्या टॅबशी लग्न लावून आलेला असतोय. ॲपलचा २०२० चा ११ इंची मॅजिक कीबोर्ड त्या वेळच्या आणि नंतरच्या काही ११ इंची प्रोला बसायचा, पण २०२४ ला एम४ चिपचा ११ इंची आयपॅड प्रो आला आणि जुना कीबोर्ड त्याला चालेना, नवा घ्यावा लागला. इंच तेवढेच, पण टॅब बदलला. कीबोर्ड पाच वर्षं ठणठणीत राहिला आणि टॅब तीन वर्षांत विकला, तर तो टिकाऊपणा तुमच्या काय कामाचा?

ब्लूटूथवाल्याकडं या. इथं बरोबर उलटं. टॅब कुठल्याही कंपनीचा असो, फोन असो, घरचा लॅपटॉप असो, पेअर केलं की चालतोय. टॅब बदलला तरी कीबोर्ड राहतो. पण आत लिथियमची छोटी बॅटरी आहे आणि तिचं आयुष्य ठरलेलं. चारेकशे-पाचशे चार्ज झाले की दम कमी होत जातो, ते एक वेळ चालतंय, कारण कीबोर्ड रोज चार्ज करावा लागत नाही. खरा घात होतो न वापरल्यानं. परीक्षा संपली, मे महिन्याची सुट्टी लागली, पोरानं कव्हर कपाटात टाकलं, तेही कळ बंद न करता. बॅटरी पूर्ण उतरली आणि तशीच महिनोन्महिने पडून राहिली की नंतर चार्जरला प्रतिसादच देत नाही. ठेवायचाच असेल तर अर्धा चार्ज करून, कळ बंद करून ठेवा आणि मधनं एकदा बघा.

फुगलेली बॅटरी ओळखायला कीबोर्ड काचेच्या टीपॉयवर ठेवायचा आणि चारही कोपरे बोटानं दाबायचे. डुगडुगला, नाहीतर मधली बटणं जरा वर उचलल्यासारखी वाटली तर वापर बंद, चार्जिंग तर अजिबात नाही. स्वस्तातल्यांना अजून मायक्रो यूएसबीचं भोक येतंय, ते ढिलं होतंच, टाइप-सी असलेलाच घ्या. झोपेतनं उठायला हा अर्धा-एक सेकंद घेतो आणि त्यात पहिलं अक्षर खातो, हे काही बिघाड नाही, बॅटरी वाचवायला तो झोपतो. एक बरं आहे, यातले बरेच स्क्रूवर उघडतात, चार्जिंगचं भोक किंवा बॅटरी आपल्याकडचा मोबाइलवाला बदलून देऊ शकतो, त्या मापाची बॅटरी मिळाली तर.

आता ब्लूटूथमध्येच दोन जाती आहेत आणि माझं खरं भांडण इथं आहे. एक म्हणजे कव्हरला चिकटलेला ब्लूटूथ कीबोर्ड, आणि दुसरा सुटा. कव्हरला चिकटलेला म्हणजे दोन्हीकडचं वाईट एकत्र. बॅटरी मरणार ब्लूटूथसारखी आणि चौकट एकाच मॉडेलला बसणार पोगोसारखी, वर त्या लेदरसारख्या रेक्झिनची दोन-तीन पावसाळ्यांत साल निघणार ते वेगळंच. टिकाऊ हवा म्हणणाऱ्यानं हा प्रकार यादीतनं काढूनच टाकावा असं माझं स्पष्ट मत. सुट्यात मात्र जीव आहे. लॉजिटेकचा के३८० घ्या उदाहरणाला, आत लिथियम नाहीच, दोन ट्रिपल-ए सेल लागतात, कंपनी दोन वर्षांपर्यंत चालतील म्हणते, आणि संपले तर गल्लीतल्या किराणा दुकानात मिळतात. तीन डिव्हाइस एका बटणावर बदलता येतात. फक्त सेल संपलेले आत तसेच ठेवू नका, ते पाझरतात आणि पत्री गंजते. आणि हो, मांडीवर घेऊन बसमध्ये टाइप करायचं असलं तर सुटा उपयोगाचा नाही, त्याला टेबल आणि टॅबला स्टँड लागतंय. कोल्हापूर-पुणे प्रवासात काम करणाऱ्याला पोगोचं ताठ बिजागर लागणारच.

चहा सांडला तर? पोगोवाला टॅबपासून ओढून काढा, करंट तिथल्या तिथं बंद, पालथा घालून वाळवा. ब्लूटूथवाल्यात करंट आतच बसलेला आहे, आधी कळ बंद, सेलचा असेल तर सेल बाहेर, मग पालथा. पुसायला धावायच्या आधी कळ, हे लक्षात ठेवलं तरी बरेच कीबोर्ड वाचतील. गुऱ्हाळावरनं आलेल्या चिकट हातांना मात्र दोन्हीकडं सारखीच शिक्षा, काकवी वाळून बटण खाली गेलं की वर येईना, तिथं आयपीएपेक्षा आधी जरा ओलसर फडकं कामाला येतं कारण साखर पाण्यात विरघळते.

बटणांच्या बाबतीत दोघांत फरक करायचं कारण नाही, चांगल्या पोगोतही कात्रीसारखी यंत्रणा असते आणि चांगल्या ब्लूटूथमध्येही. दुकानात स्पेसबार मधे न दाबता डाव्या आणि उजव्या टोकाला दाबून बघा, दोन्हीकडं सारखा गेला पाहिजे. मराठी इन्स्क्रिप्ट, म्हणजे देवनागरी टायपिंगची ठरलेली बटण-मांडणी, दोन्हीवर चालतो, बटणांवर देवनागरी नसते एवढंच, स्टिकर लावा नाहीतर बोटांना पाठ करू द्या. टायपिंगच्या सरकारी परीक्षेची तयारी मात्र १०-११ इंची कव्हरवर करू नका, बटणं जवळजवळ असतात, परीक्षेला मोठा कीबोर्ड समोर आला की हात चुकतो.

भाचा शिवाजी विद्यापीठात शिकतोय, त्याचा प्रश्न होता, "मामा, माझ्या टॅबला पिना हायत, पण पुढच्या वर्षी टॅब बदलणार हाय, काय घेऊ?" त्याला सुटा सांगितला. टॅब अजून चार वर्षं वापरायचाय आणि रोज फिरतीवर टाइप करायचंय तर पोगोला पैसे घाला, तेही कंपनीच्याच. टॅब वीस हजाराच्या आतला आहे, पिना नाहीत, तर सुटा ब्लूटूथ आणि शे-दोनशेचं स्टँड, इषय हार्ड करायची गरज नाही. मायक्रोसॉफ्टनं २०२४ ला सरफेस प्रोसाठी लावूनही चालणारा आणि काढून ब्लूटूथवरही चालणारा फ्लेक्स कीबोर्ड आणलाय, म्हणजे दोन्ही एकात, पण त्यात बॅटरीही आली आणि किंमतही.

सेकंडहँड घ्यायचा असेल तर गणित आणखी सोपं होतं. पोगोवाला जुना बिनधास्त घ्या, पण आपला टॅब घेऊन जा, लावा, घडी हळूहळू उघडझाप करत एक बटण दाबून धरा, मधे अक्षर तुटलं तर घडीतली पट्टी गेलीय, परत द्या. टॅबचा मॉडेल नंबर सेटिंगमध्ये अबाउटला असतो, तो आणि कीबोर्डच्या मागचा नंबर जुळवून बघा. आत कायमची बसवलेली बॅटरी असलेला ब्लूटूथवाला मात्र जुना घेऊच नका, विकणारा समोर चालवून दाखवेल, पण ती बॅटरी कपाटात किती महिने उपाशी होती हे त्यालाही सांगता यायचं नाही. सेलवाला असेल तर सेलची खोली उघडून पत्रीवर पांढरं-हिरवं काही दिसतंय का बघा आणि मग भाव करा.