जहाज त्रिकोणाच्या बाहेर

अजिंक्यताऱ्यावर होकायंत्र घेऊन उभं राहिलं की खुणांना तोटा नाही. उत्तरेला चंदन-वंदनची जोडी, नैर्ऋत्येला सज्जनगड, आग्नेयेला पाटेश्वरचा डोंगर. समुद्र इथून नव्वदेक किलोमीटर, तोही घाटाखाली. तरी मर्चंट नेव्हीच्या तयारीला लागलेल्या साताऱ्याच्या मुलांनी किनाऱ्यालगत जहाज हाकण्याचा पहिला धडा या गडावरच गिरवावा, असं माझं ठाम मत आहे. गडावर आपण नेमके कुठे उभे आहोत ते आधीच ठाऊक असतं, त्यामुळे चूक किती झाली हे लगेच मोजता येतं. भर समुद्रात ती सोय नाही.

पद्धत जुनीच आहे. खुणेकडे होकायंत्र रोखून अंश वाचायचे आणि नकाशावर त्या खुणेतून तेवढ्या अंशांची रेघ ओढायची. आपण त्या रेघेवर कुठेतरी आहोत. दुसऱ्या खुणेची रेघ पहिलीला छेदते आणि जागा मिळते. तिसरी पडताळ्यासाठी. पण तिन्ही रेघा एका बिंदूत भेटल्या, असं क्वचितच होतं. बहुतेक वेळा मधे एक छोटा त्रिकोण उरतो. दहा किलोमीटरवरच्या खुणेला एक अंश चुकला तरी रेघ पावणेदोनशे मीटर सरकते, आणि हातातल्या होकायंत्रावर एक अंश चुकणं म्हणजे काहीच नाही.

नवशिका काय करतो? त्रिकोणाच्या मधोमध टिंब देतो आणि म्हणतो, आपण इथे.

इथेच गणित वेगळं बोलतं. प्रत्येक रेघ खऱ्या जागेच्या डावीकडून तरी जाणार, नाहीतर उजवीकडून. तीन रेघांच्या मिळून आठ शक्यता. दोन्ही बाजूंना चुकण्याचा संभव सारखाच धरला, तर या आठांपैकी दोनच अशा की खरी जागा त्रिकोणाच्या आत सापडते. म्हणजे चारांतल्या तीन वेळा जहाज त्रिकोणाच्या बाहेरच! कागद-पेन्सिल घेऊन आठही आकृत्या काढून पाहा. मलाही काढल्याशिवाय पटलं नव्हतं.

आता समजा, चूक होकायंत्राचीच आहे आणि तिन्ही वाचनं एकाच दिशेला सारखीच सरकली आहेत. हे सहज घडतं. शेजारी लोखंडी कठडा असतो, काटा तिकडे ओढला जातो. (गडावर दूरदर्शनचा मनोराही आहे, त्याच्यापासून लांबच उभे राहा.) अशा वेळी खुणा चहूबाजूंना असतील तर खरी जागा त्रिकोणाच्या आत येते. सातारकराला चारी दिशांना डोंगर आहेत, तो सुटला. रत्नागिरीसमोरच्या जहाजाला मात्र जमीन फक्त पूर्वेला. दीपगृह, देवळाचं शिखर, टेकडी, सगळं एकाच अंगाला, अर्ध्या वर्तुळाच्या आत. मग तीच चूक खऱ्या जागेला हमखास त्रिकोणाबाहेर ढकलते. गडावर हेही करून बघता येतं: मुद्दाम एकाच बाजूच्या तीन खुणा निवडायच्या, प्रत्येक वाचनात पाच अंश मिळवायचे आणि रेघा ओढायच्या.

जीपीएस असताना हा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेलच. पर्शियन आखातात आणि काळ्या समुद्रात गेली काही वर्षं जीपीएसच्या संदेशांत ढवळाढवळ होते आहे, एवढं उत्तर पुरे.

जहाज त्रिकोणाबाहेर असू शकतं, म्हणून जुने नाविक टिंब मधोमध देत नाहीत. खडकाला सर्वांत जवळचा कोपरा आपला धरतात आणि तिथून दूर जाण्याचा मार्ग आखतात. दोन खुणा एका ओळीत आल्या तर त्या ओळीवर जास्त विसंबतात, कारण तिला होकायंत्र लागतच नाही. शिवाय दोरीला शिसं बांधून खोली मोजतात. शिशाच्या तळाला खळगा असतो, त्यात चरबी भरलेली असते. तळाची वाळू, चिखल जे असेल ते तिला चिकटून वर येतं. सागरी नकाशावर तिथे चिखल दाखवला असेल आणि चरबीला शिंपल्यांचा चुरा लागून आला, तर तिन्ही खुणा पुन्हा बघायच्या.