पाळी थांबली? गोळी घेऊन आणण्याआधी कारण शोधा

गणपती जवळ आले की आपल्या कोकणात पाळी पुढे ढकलायची गोळी बायका बिनदिक्कत मागतात, पण तीच पाळी दोन-तीन महिने आलीच नाही तर मात्र कुणाला सांगायचं नाही, पपई खायची, तीळ-गूळ खायचा आणि वाट बघायची. याची मला खरंच काळजी वाटते.

नियमित येणारी पाळी ३ महिने आली नाही, किंवा आधीपासूनच मागेपुढे होणारी ६ महिने आली नाही, तर डॉक्टरकडे जायचंच. आणि सगळ्यात आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट, मग मूल न होण्याचं ऑपरेशन झालेलं असो, बाळ अंगावर पीत असो नाहीतर वय ४५ असो.

पाळीची सूत्रं मेंदूतून हलतात. हायपोथॅलॅमस हा मेंदूतला छोटा भाग थोड्या थोड्या वेळाने त्याच्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो, तिची हार्मोन्स अंडाशयाला कामाला लावतात, मग इस्ट्रोजेन तयार होऊन गर्भाशयात अस्तर धरतं. आता समजा एखादी मुलगी पोलीस भरतीसाठी रोज पहाटे रत्नागिरीजवळ भाट्याच्या किनाऱ्यावर पळतेय आणि वजन वाढू नये म्हणून जेमतेम अर्धी भाकरी खातेय, तर शरीराला शक्ती पुरत नाही हे मेंदूला कळतं आणि तो इशारेच कमी करतो. सोनोग्राफीत काही सापडत नाही, पण इस्ट्रोजेन कमी पडल्याने हाडं आतून ठिसूळ होत जातात, ऐन विशीत! म्हणून "सुटली कटकट" म्हणून गप्प बसू नका गं.

बाकी कारणांपैकी पीसीओएस (हार्मोन्स बिघडून अंडं वेळेवर न सुटणं) आणि थायरॉइड आता सगळ्यांना ऐकून माहीत आहेत. पण उलटीवरच्या डॉमपेरिडोनने किंवा मानसिक आजाराच्या काही औषधांनी प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं हार्मोन, वाढूनही पाळी थांबते, कधी ४० च्या आतच अंडाशयाचं काम मंदावतं, कधी क्युरेटिंगनंतर (गर्भाशय आतून खरवडून साफ केल्यावर) गर्भाशय आतून चिकटतं, आणि आपल्याकडे गर्भाशयाचा टीबीही विसरून चालत नाही, त्यात खोकला असेलच असं नाही. मूल न होण्यासाठी घ्यायच्या सरकारी 'अंतरा' इंजेक्शनने पाळी बंद होते ती मात्र औषधाचाच परिणाम, त्याने घाबरायचं नाही.

पाळी आणायची गोळी घेतली, रक्त आलं म्हणजे बरं झालं असं नाही. आत अस्तर धरलं होतं एवढंच त्यातून कळतं, पाळी का थांबली ते तसंच राहतं. त्यामुळे जाताना शेवटच्या पाळीची तारीख आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, आणि रक्तातलं टीएसएच (थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन, एफएसएच (अंडाशयाच्या कामासाठी) तपासायचं का ते स्वतःहून विचारा.