भांडवलशाही (बेळगाव सीमाभागातली)

भांडवलशाही म्हणजे जमीन, यंत्रं, पैसा ही साधनं खाजगी मालकीची, माल बाजारात विकायचा आणि हातात उरलेला नफा परत धंद्यात घालून धंदा वाढवायचा, अशी अर्थव्यवस्था. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हा शब्द सहसा कोण बोलत नाही, इथं लोक धंदा म्हणतात, कारखाना म्हणतात, सोसायटी म्हणतात, पण गोष्ट तीच. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासूनच्या वादावर भरपूर लिहून झालंय, ही नोंद बाजाराबद्दल आहे. इथला अनुभव असा की ज्याच्याकडं दुसरं गिऱ्हाईक आहे त्याला बाजारानं वर काढलं, आणि ज्याला एकाच दारात उभं राहावं लागतं त्याला पिळून घेतलं.

चांगल्या बाजूपासून सुरुवात करायची तर लक्ष्मणराव किर्लोस्करांपासून करावी लागते. जन्म १८६९ चा, गुर्लहोसूरचा, म्हणजे याच जिल्ह्यातला माणूस. मुंबईची नोकरी सोडून आले आणि बेळगावात सायकलचं दुकान चालवलं. पुढं कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. आता गंमत बघा, नांगर तयार झाला तरी घ्यायला कोण तयार नाही, कारण लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत, पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. तोपर्यंत माणसानं दम धरला, पैसा अडकून पडला तरी माल सुधारत राहिला. नवीन भांडवलाचं खरं काम हेच असतंय, लोकांना अजून पटलेलं नाही ते आपल्या जोखमीवर करून दाखवायचं. पण बेळगावनं त्यांना ठेवून घेतलं नाही. वस्तीच्या वाढीसाठी नगरपालिकेनं जागा खाली करायला लावली, मग औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ माळ दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्या गावातला एवढा मोठा उद्योग आपणच घालवला, याची हळहळ मला आजही वाटते.

तरी लोखंडाचा नाद गावातून गेला नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आज ओतकामाच्या फौंड्र्या आहेत, मशीन शॉप आहेत, हायड्रॉलिक्सचे कारखाने आहेत, हत्तरगीला विमानाचे भाग बनतात. इथं बाजार बऱ्यापैकी चालतो त्याचं कारण साधं आहे. वाळूत साचा धरायला शिकलेला मोल्डर एका मालकाशी पटलं नाही तर शेजारच्या शेडमध्ये जातो, चार वर्षांनी दोन लेथ घेऊन स्वतःचं जॉबवर्क सुरू करतो. ओतकाम घेणारेही अनेक, कोण पंपवाला, कोण गाडीचे पार्ट करणारा, त्यामुळं एकाच्या मर्जीवर चूल पेटत नाही. मंदी आली की शिफ्ट कमी होतात आणि पहिला फटका ठेक्यावरच्या कामगाराला बसतो, हेही तितकंच खरं.

बेळगावातल्याच वडगाव, खासबाग, शहापूरच्या मागांवर मात्र उलटी गत. विणकर स्वतःचा माग चालवतो पण सूत मालकाचं, साडी मालकाची, मिळते ती मजुरी. सुरतचा स्वस्त माल आला की मालक मजुरी कापतो, आणि सूत दुसरीकडून आणायला विणकराकडं भांडवल नसतंय.

बाजार कसा बसतो ते समजून घ्यायला निपाणी बघा. बिडीच्या तंबाखूची ही मोठी पेठ, पण पिकवणारे हजारो आणि वखारीत माल भरून घेणारे व्यापारी मोजके. दर व्यापारी ठरवणार, पैसेही त्याच्या सवडीनं देणार. मार्च-एप्रिल १९८१ मध्ये शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगळूर हायवेवर ठाण मांडून बसले, मराठी आणि कानडी बोलणारे एकाच मांडवात. ६ एप्रिलला पोलिसांचा गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले. जोशी खुल्या बाजाराच्या बाजूचे होते हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण निपाणीत खुला बाजार नव्हताच.

उसाचं दुखणं त्याच जातीचं. तोडलेला ऊस वाट बघत नाही, दर तासाला वजन उतरतंय, साखर उतरतीय, आणि ट्रॅक्टर गेटवर रांगेत उभा. अशा वेळी शेतकरी काय भाव करणार? पहिलं भांडण काट्याचं. आमच्या घरचा ऊस एकदा बाहेरच्या काट्यावर वजन करून नेला तर गेटवर घेईनात, म्हणाले आधी वजन केलेली गाडी चालत नाही. वजन त्यांचं, रिकव्हरी म्हणजे साखरेचा टक्केवारी उतारा काढणार तेच, तोडणी-वाहतूक कापणार तेच, आणि करारपत्रावर सही करणाऱ्या म्हाताऱ्याला ते वाचताही येत नाही. कायदा सांगतो की ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. ते व्याज हातात पडलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. कारखान्यांचंही एक म्हणणं आहे आणि ते खोटं नाही: साखरेचा किमान विक्री दर २०१९ मध्ये ३१ रुपये किलो ठरला, त्यानंतर एफआरपी वाढत गेली, २०२५-२६ ला १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३५५० झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसवरून, तोडणी-वाहतूक वजा जाऊन टनाला ३५०० हातात पडावेत, या मागणीचं आंदोलन पेटलं आणि सरकारनं ३३०० वर तोड काढली.

यावर उपाय म्हणून सहकार आला. देशातली पहिली शेती पतसोसायटी १९०५ मध्ये गदगजवळ कणगिनहाळला निघाली, इथून फार लांब नाही. सावकाराला पर्याय म्हणजे पुन्हा तेच, दुसरं दार. पण संचालकांनीच दार अडवलं तर? सीमाभागात पतसंस्था गल्लोगल्ली झाल्या, एक-दीड टक्का जादा व्याजासाठी रिटायर झालेल्यांनी फंड ठेवला, आणि काही बुडाल्या. आमच्या आत्तीचे पैसे अशाच एका संस्थेत गेले, पासबुक अजून तिच्या ट्रंकेत आहे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेला तो लागू नाही, हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. गरीब बायका मग मायक्रोफायनान्सच्या गटात गेल्या, आठवड्याचा हप्ता चुकला की दारात माणसं. जबरी वसुलीविरुद्ध कर्नाटकानं फेब्रुवारी २०२५ मध्ये वटहुकूम काढला.

सुधारणा कागदावर पुष्कळ आहेत. साखर उद्योगाचा अभ्यास केलेल्या रंगराजन समितीनं २०१२ मध्ये सांगितलं की साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा ऊस उत्पादकाला द्या, म्हणजे मळी-इथेनॉलचा पैसाही मोजला जाईल. बहुराज्य सहकारी संस्थांच्या कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन स्वतंत्र निवडणूक प्राधिकरण आणि लोकपाल आला. माझ्या मते याहून जास्त फरक दोन साध्या गोष्टींनी पडेल: कुठल्याही काट्यावरचं वजन मान्य करणं, आणि करार शेतकऱ्याच्या भाषेत देणं.

तिसरी गोष्ट सीमेनंच दिलीय. निपाणी-चिकोडीकडचा शेतकरी कोल्हापूरच्या कारखान्यांचा दर फोनवर विचारतो, तिकडचा ऊस इकडं येतो, इकडचा तिकडं जातो, आणि या ओढाताणीत टनामागं चार पैसे जादा सुटतात. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रानं ऊस राज्याबाहेर न्यायला बंदी घातली. शेतकरी संघटना उठल्या आणि थोड्याच दिवसांत ती मागं घ्यावी लागली.