एका कातळावरचं शहर: लुईव्हिल, डर्बी आणि बर्बन

आपल्याकडे बर्बन म्हटलं की आधी बिस्किट आठवतं. चॉकलेटी, वर साखरेचे दाणे, मधे क्रीम. ते बिस्किट, अमेरिकेतली मक्याची व्हिस्की आणि केंटकी राज्यातलं लुईव्हिल शहर, या तिघांची नावं फ्रान्सच्या एकाच बूर्बाँ राजघराण्याकडे जातात. शनिवार-रविवारच्या सहलीला लुईव्हिलला जाणारी मंडळी साधारण तीन गोष्टी बघतात: मेन स्ट्रीटवरच्या जुन्या इमारती, चर्चिल डाउन्सचं रेसकोर्स आणि एखादी डिस्टिलरी. तिकिटं तीन वेगवेगळी काढावी लागतात, पण खाली उतरत गेलं की तिन्ही गोष्टी चुनखडकावर येऊन थांबतात.

आपण दख्खनचे लोक. विहीर खणली की काळा बेसाल्ट लागणार, हे आपण गृहीत धरतो. केंटकीच्या मध्यभागी मात्र खाली चुनखडकच आहे. लुईव्हिलजवळ तो ओहायो नदीच्या पात्रात उघडा पडला आहे. पाणी ओसरलं की सुमारे 39 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातले प्रवाळ त्या दगडात दिसतात. नदी या पायऱ्यांवरून साधारण तीन किलोमीटरच्या अंतरात 26 फूट खाली उतरते. याला धबधबा म्हणतात खरं, पण कोकणात पावसाळा पाहिलेल्या माणसाला तो खळखळाटच वाटेल. तरीही पिट्सबर्गपासून मिसिसिपीच्या संगमापर्यंतच्या सगळ्या प्रवाहात होड्यांना अडवणारा मोठा नैसर्गिक अडथळा हा एवढाच. होडी थांबवायची, माल उतरवायचा, गाड्यांवर लादून खालच्या अंगाला न्यायचा आणि पुन्हा चढवायचा. जिथे माल उतरतो तिथे हमाल येतात, गोदामं येतात, खानावळी आणि सावकार येतात. शहर वसायला आणखी काय लागतं?

1778 मध्ये जॉर्ज रॉजर्स क्लार्क नावाचा व्हर्जिनियाचा तरुण सेनाधिकारी आपल्या सैनिकांबरोबर काही कुटुंबं घेऊन इथे आला. ब्रिटिशांशी युद्ध चालू होतं. लोक आधी नदीतल्या एका बेटावर राहिले आणि तिथे मका पेरला, म्हणून बेटाला कॉर्न आयलंड नाव पडलं. ते बेट आता नदीच्या पोटात आहे. त्याच वर्षी फ्रान्सनं अमेरिकन बंडखोरांशी तह करून मदत सुरू केली होती. 1780 मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळानं या वस्तीला शहराचा दर्जा दिला आणि उपकाराची फेड म्हणून सोळाव्या लुईचं नाव दिलं. स्थानिक माणूस मात्र ते ‘लूअव्हल’ असं काहीसं, तोंडात गोळी धरल्यासारखं उच्चारतो. ‘लुईसव्हिल’ म्हणालात तर तुम्ही पाहुणे हे लगेच कळतं.

राजाचं पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. 1793 च्या जानेवारीत त्याचं मुंडकं उडालं. केंटकीत मात्र फ्रेंच नावांची हौस टिकली. तिथे एक पॅरिस आहे, एक वर्साय आहे (त्याला ते ‘व्हरसेल्स’ म्हणतात) आणि 1785 मध्ये स्थापन झालेली बर्बन काउंटी आहे.

मका पिकत होता भरपूर, पण डोंगरापलीकडच्या पूर्वेकडच्या बाजारात तो न्यायचा कसा? दाणे जड, रस्ते वाईट, भाव कमी. त्याच मक्याची दारू गाळली की आकारमान घटतं, नासण्याची भीती जाते आणि पैसेही जास्त येतात. स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेल्या कुटुंबांना भट्टी लावायची कला येतच होती. पिंपं सपाट होड्यांवर लादून ओहायो, मग मिसिसिपी, असं करत न्यू ऑर्लिन्सला जायची. वाटेत लुईव्हिलचा खडक होताच. पाणी वाढण्याची वाट पाहत माल तिथे पडून राहायचा. 1811 मध्ये या नद्यांवरची पहिली वाफेची बोट आली, तीही इथे पाण्याची वाट पाहत अडकली. 1830 मध्ये खडकाला वळसा घालणारा कालवा झाला तेव्हा अडथळा संपला, पण तोवर व्यापाऱ्यांनी दुकानं थाटली होती.

बर्बन हे नाव नेमकं कुठून आलं यावर तिथे अजून भांडणं होतात. एक पक्ष म्हणतो, बर्बन काउंटीवरून. दुसरा म्हणतो, न्यू ऑर्लिन्सच्या बर्बन स्ट्रीटवरून, कारण खप तिथे होता. मजा अशी की काउंटी काय आणि रस्ता काय, दोन्हींना नाव त्याच राजघराण्याचं. आतून जाळलेल्या पिंपाचा शोध एलायजा क्रेग नावाच्या बाप्टिस्ट धर्मोपदेशकानं लावला, ही गोष्टही गाइड रंगवून सांगतात. तिला पुरावा नाही. धर्मोपदेशकानं दारू शोधली, ही कथा जाहिरातवाल्यांना का आवडली असेल हे समजायला फार विचार करावा लागत नाही.

चुनखडकाचं म्हणणं मात्र निव्वळ जाहिरात नाही. त्यातून झिरपलेल्या पाण्यात लोह फारसं उरत नाही. लोह असेल तर व्हिस्की काळपट होते आणि चव बिघडते. उलट कॅल्शियम मिळतं, ते आंबवण्याच्या कामी येतं. अर्थात चुनखडक जगात इतरत्रही आहे आणि आजचे कारखाने पाणी हवं तसं शुद्ध करून घेऊ शकतात. म्हणजे आज त्या दगडावाचून अडत नाही, पण दोनशे वर्षांपूर्वी अडलं असतं.

कायद्यानं बर्बन म्हणजे काय हे पुढे पक्कं झालं. धान्यात किमान 51 टक्के मका हवा आणि पिंप ओकच्या लाकडाचं, आतून जाळलेलं, कोरं हवं. ऊर्ध्वपातनात अल्कोहोल 80 टक्क्यांवर जाता कामा नये, पिंपात भरताना 62.5 टक्क्यांवर नको आणि बाटलीत 40 टक्क्यांखाली नको. रंग किंवा वास वरून घालायचा नाही. उन्हाळ्यात दारू फुगून लाकडात शिरते, हिवाळ्यात बाहेर येते. रंग आणि गोडवा या येण्याजाण्यातून येतो. पिंप एकदाच वापरायचं असल्यामुळे रिकामी पिंपं स्कॉटलंडला विकली जातात आणि तिथली व्हिस्की त्यांत मुरते. कोठारांच्या आसपासची झाडं आणि भिंती काळ्या दिसतात. तो धूर नव्हे. पिंपातून उडून जाणाऱ्या अल्कोहोलवर वाढणारी ती बुरशी आहे.

मेन स्ट्रीटच्या एका भागाला व्हिस्की रो म्हणत. बिडाच्या कमानी आणि खांब असलेल्या दर्शनी भागांच्या मागे घाऊक व्यापाऱ्यांच्या कचेऱ्या होत्या. तिथे भेसळही जोरात चालायची. साध्या अल्कोहोलात तंबाखूचं पाणी, आयोडीन, वाट्टेल ते घालून ‘जुनी व्हिस्की’ तयार होई. 1870 मध्ये औषधांच्या धंद्यातून आलेल्या जॉर्ज गार्विन ब्राऊननं आपली व्हिस्की फक्त सीलबंद बाटलीतच विकायला काढली, ती ओल्ड फॉरेस्टर. तेव्हा डॉक्टर व्हिस्की लिहून देत, त्यांना भरवसा हवा होता. 1897 मध्ये तर सरकारनंच कायदा केला: एकाच डिस्टिलरीत, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीखाली चार वर्षं मुरलेली आणि 50 टक्के अल्कोहोलची असेल तरच ‘बाँडेड’ म्हणायचं. अन्नपदार्थांच्या शुद्धतेचा देशव्यापी कायदा त्यानंतर नऊ वर्षांनी आला.

1920 ते 1933 ही दारूबंदीची वर्षं. बहुतेक भट्ट्या विझल्या. मोजक्या कंपन्यांना ‘औषधी’ व्हिस्की विकायचा परवाना होता. दारूबंदी उठल्यावरही व्हिस्की रो पूर्वीसारखी झाली नाही. इमारती ओस पडल्या, पाडण्यापर्यंत मजल गेली, 2015 मध्ये काहींना आगही लागली. आज तिथे दिसणाऱ्या चकचकीत डिस्टिलऱ्या गेल्या दहा-बारा वर्षांतल्या आहेत. ‘इथे दोनशे वर्षं अखंड दारू गळते आहे’ असा समज करून घेऊ नये.

आता घोडे. चुनखडकावरच्या गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस असतो. शिंगराची हाडं त्यावर मजबूत होतात, असं तिथले पैदासवाले पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. लेक्सिंग्टनभोवतीचा हा पट्टा ब्लूग्रास म्हणून ओळखला जातो. यादवी युद्धात तिथल्या पागा लुटल्या गेल्या आणि धंदा मोडकळीला आला. पैदासवाल्यांना घोडे दाखवायला आणि विकायला एक मोठं मैदान हवं होतं.

ते दिलं मेरीवेदर लुईस क्लार्क ज्युनियर यानं. शहर वसवणाऱ्या क्लार्कच्या धाकट्या भावाचा, म्हणजे पॅसिफिकपर्यंत गेलेल्या विल्यम क्लार्कचा हा नातू. 1872 मध्ये तो युरोपात गेला, तिथे इंग्लंडमधली एप्समची डर्बी, म्हणजे घोड्यांची मोठी शर्यत, पाहिली आणि डोक्यात तेच घेऊन परतला. जागा मामांची होती, आडनाव चर्चिल, म्हणून रेसकोर्स चर्चिल डाउन्स. 17 मे 1875 रोजी पहिली केंटकी डर्बी झाली. सुमारे दहा हजार माणसं जमली. अ‍ॅरिस्टिडीझ नावाचा घोडा जिंकला, आणि तोही खरं तर जिंकण्यासाठी उतरवलाच नव्हता. सुरुवातीला वेग वाढवून इतरांना दमवायचं आणि मालकाच्या दुसऱ्या घोड्याला वाट करून द्यायची, असा बेत होता. दुसरा घोडा पुढे येईना. तेव्हा जॉकीनं लगाम सैल सोडला.

त्या जॉकीचं नाव ऑलिव्हर लुईस. तो कृष्णवर्णीय होता. घोड्याचा प्रशिक्षक अँसेल विल्यमसन, तो तर गुलामगिरीत जन्मलेला. त्या दिवशीच्या 15 जॉकींपैकी 13 कृष्णवर्णीय होते. यात त्या काळच्या कुणाला नवल वाटलं नसेल. केंटकीत गुलामगिरी 1865 च्या डिसेंबरापर्यंत होती आणि पागेतलं काम, भट्टीवरचं काम, पिंपं वळण्याचं काम गुलामांच्या हातून होत आलं होतं. नदीपलीकडे इंडियाना, म्हणजे गुलामगिरी नसलेलं मुक्त राज्य. मधे तेवढं पाणी. ज्या घाटावर व्हिस्की चढे, त्याच घाटावरून माणसंही विकून दक्षिणेला पाठवली जात. विल्यम क्लार्कबरोबर पॅसिफिकपर्यंत चालत गेलेला यॉर्क हाही त्याचा गुलामच होता. आज नदीकाठी यॉर्कचा पुतळा उभा आहे.

पहिल्या 28 डर्ब्यांपैकी 15 कृष्णवर्णीय जॉकींनी जिंकल्या. आयझॅक मर्फीनं 1884, 1890 आणि 1891 अशा तीन वेळा बाजी मारली. स्वतःच्या हिशेबानं त्यानं 44 टक्के शर्यती जिंकल्या, हाती असलेल्या नोंदींप्रमाणे 34 टक्के. कमी आकडा धरला तरी तो थक्क करणारा आहे. पुढे पैसा वाढला, मान वाढला आणि गोऱ्या जॉकींनी संगनमत केलं. भर शर्यतीत कृष्णवर्णीय जॉकींना कठड्याकडे दाबायचं, चाबूक मारायचा. मग मालक त्यांना घोडे देईनासे झाले. जिमी विंकफील्डनं 1901 आणि 1902 अशी लागोपाठ दोनदा डर्बी जिंकली. त्यानंतर आजपर्यंत एकाही कृष्णवर्णीय जॉकीनं ती जिंकलेली नाही. 1921 नंतर तर थेट 2000 सालापर्यंत एकही जण त्या शर्यतीत उतरला नाही.

संस्थापक क्लार्कचाही शेवट बरा झाला नाही. पैसा गेला आणि 1899 मध्ये त्यानं स्वतःवर गोळी झाडून घेतली. डर्बीचा आजचा थाट मॅट विन या शिंपीकाम करणाऱ्या माणसानं उभा केला. 1908 मध्ये शहरानं बुकींवर बंदी आणली तेव्हा त्यानं अडगळीत पडलेली फ्रेंच पद्धतीची बेटिंग यंत्रं बाहेर काढली. सगळ्यांचे पैसे एकत्र करायचे, कापून घ्यायचं ते कापायचं आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटायचे. महालक्ष्मीला ‘टोट’वर पैसे लावणारा माणूस हेच करतो. महालक्ष्मीची इंडियन डर्बी 2400 मीटरची असते. केंटकीचीही आधी जवळपास तेवढीच होती. 1896 मध्ये ती 2000 मीटरवर आणली, म्हणून आता ‘दोन मिनिटांचा खेळ’. 1973 मध्ये सेक्रेटेरियटनं ती दोन मिनिटांच्या आत संपवली आणि तो विक्रम अजून टिकून आहे. आणखी एक फरक: महालक्ष्मीला घोडे हिरवळीवर धावतात, तिथली डर्बी मातीवर होते.

डर्बी मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी असते आणि तेव्हा हॉटेलांचे भाव डोळे फिरवतात. सहलीला जायचंच तर इतर शर्यतींचे दिवस बघावेत. बाटली आणायचा विचार असेल तर एक हिशेब: भारतानं बर्बनवरचं आयात शुल्क 2025 च्या फेब्रुवारीत 150 टक्क्यांवरून 100 टक्क्यांवर आणलं. म्हणजे इथे ती अजूनही महागच.

सोळाव्या लुईचा एक संगमरवरी पुतळा लुईव्हिलच्या चौकात होता, फ्रान्सच्या माँपेलिए शहरानं भेट दिलेला. 2020 च्या वर्णद्वेषाविरुद्धच्या आंदोलनात त्याचा हात तुटला आणि पुतळा तिथून हलवला गेला.

विंकफील्ड पुढे रशियात गेला, झारच्या काळात तिथल्या मोठमोठ्या शर्यती जिंकल्या. क्रांती झाली तेव्हा ओडेसाहून दोनशेवर घोड्यांचा तांडा घेऊन पोलंडला निसटला आणि अखेर फ्रान्समध्ये स्थायिक झाला. 1961 मध्ये रेसिंगवर लिहिणाऱ्या पत्रकारांनी त्याला लुईव्हिलच्या ब्राऊन हॉटेलात मेजवानीला बोलावलं. मुलीबरोबर तो दारापर्यंत आला, तर पुढच्या दारानं आत जाता येणार नाही म्हणून सांगण्यात आलं. बरीच हुज्जत घातल्यावर दोघांना आत सोडलं. हॉटेल अजून तिथेच आहे. तिथलं चीजच्या सॉसमध्ये बुडवलेलं टर्कीचं सँडविच, ‘हॉट ब्राऊन’, सहलीच्या प्रत्येक यादीत असतं.